पहिला प्रश्न

रात्री साडेनवाला मी तारा लावायला घेते.
डोक्याला सात, छातीवर पट्टा, पोटावर पट्टा,
नाकाखाली नळी, बोटाला लाल दिव्याची चिमटी.
परळच्या या इस्पितळात झोप मोजायची खोली
जिन्याखाली आहे. पंखा हलतो, पण वारा येत नाही.

हौसाबाई तुपसौंदर, वय त्रेपन्न, मानखुर्द.
शिक्षणाच्या रकान्याशी माझं पेन थांबतं.
"शाळेतच आहे की मी," त्या म्हणतात, "बावीस वर्षं."
पालिकेच्या शाळेत मावशी.
घंटा, फळे, पहिलीतल्या पोरांनी ओली केलेली फरशी.
मी लिहिते : निरक्षर.
मग ते खोडून लिहिते : सही येते.

फॉर्मवरचा पहिला प्रश्न :
बसून वाचताना डुलकी लागते का?
कधीच नाही, शून्य. हमखास, तीन.
"वाचत नाय ओ ताई, पुसते.
पुस्तकांचं कपाट दर शनिवारी.
पुसताना नाय लागत."
शून्य.
टीव्ही बघताना?
"बाकीचे बघतात. माझी पाठ असते, भाकऱ्या चालू."
शून्य.
सभेत, नाट्यगृहात, नुसतं बसलेलं असताना?
"सभेत मी चहा देते."
शून्य.
दुपारी जरा आडवं झाल्यावर?
हौसाबाई इतकं हसतात की छातीवरचा पट्टा सरकतो.
मग हळूच विचारतात,
"उभ्या-उभ्या लागते. ते चालंल का?"
त्याला रकाना नाही.

बेरीज : एक.
कागद म्हणतो, बाई ठणठणीत आहे.

जुलैत मधल्या सुट्टीची घंटा
पंधरा मिनिटं उशिरा झाली होती.
जिन्यापाशी स्टुलावर बसल्या होत्या, एवढंच आठवतं.
मेमो मिळाला.
तो सहावीतल्या एका मुलीनं वाचून दाखवला,
'निष्काळजीपणा' या शब्दाशी अडखळत.

दर गुरुवारी मी माहीमच्या खाजगी लॅबमध्ये असते.
तिथे गादी मऊ, पडदे निळे.
तिथे दिवेकर सर आले होते, पीएच.डी.,
मनगटावरच्या घड्याळानं सांगितलं म्हणून.
सोबत आलेख, छापून, तारीखवार.
घोरण्याला त्यांच्या घरी आजार म्हणतात.
हौसाबाईंच्या घरी म्हणतात,
गाढ झोपते म्हातारी, नशीबवान आहे.

दोन वाजून दहा मिनिटं.
श्वासाची रेघ आडवी पडते.
मी मोजते. वीस. तीस.
पोट वर-खाली होतंय, हवा मात्र आत जात नाही.
एक्केचाळीस.
ऑक्सिजन एकाहत्तर.
आणि मग गंजलेलं शटर एका हिसक्यात वर जावं
तसा श्वास. कूस बदलतात. त्यांना काही कळलेलं नाही.

दिवेकर सरांचेही एक्केचाळीस होते, गंमत म्हणजे.
पदवीनं घसा रुंद होत नाही.
पण ते चार महिन्यांत पोचले या तारांपर्यंत,
हौसाबाईंना अकरा वर्षं लागली,
तीही पाय सुजले म्हणून, वाट चुकून.

पहाटे चहा पिताना मी फॉर्मच्या कडेला लिहिते :
उभ्यानं झोप लागते.
डॉक्टर म्हणतील, हे कुठे भरायचं?
बघू.

घरी जाताना शिवडीपर्यंत चालते कधी कधी.
आज चालताना आई आठवली.
चौथी शिकलेली, बिस्किटाच्या कारखान्यात पॅकिंगला.
एका खोलीत पाच जण, आणि तिचं ते घोरणं,
मध्येच थांबायचं,
तेवढाच वेळ मला बरं वाटायचं.
बारावीचं वर्ष होतं. जीवशास्त्र. श्वसनसंस्था, आकृतीसह.
सगळं तोंडपाठ केलं मी तिच्यापासून चार फुटांवर,
कानांत कापूस घालून.