गेल्या वर्षीच्या झावळ्या

रविवारी मिस्सेच्या शेवटी फादरांनी सांगितलं,
तीन भाषांत, तीनदा:
घरातल्या जुन्या झावळ्या आणून द्या, बुधवारची राख करायचीय.

सोमवारपासून कॅथेड्रलच्या मागल्या दाराशी
सेवेरिनमामा बसलाय
बटाट्याचं रिकामं पोतं उघडून.

कुणाची येते विजेच्या मीटरमागून
पालीच्या अंड्याच्या टरफलासकट,
कुणाची रिक्षाच्या आरशाला वर्षभर बांधलेली,
खानापूरच्या रस्त्याने लाल झालेली.
ज्ञानम्माबाईंनी दिली वर्तमानपत्रात गुंडाळून,
इस्पितळातून परत आलेले कपडे देतात तशी.
"उशीखाली होती. शेवटपर्यंत."
आणि रुझायच्या धाकट्याने टाकली
क्रूस न विणलेली, नुसती पात.
"पप्पा मस्कतला. घरात कुणाला विणता येत नाही."

मामाचा हात कोपरापर्यंत पोत्यात.
"काय शोधूलैस रे?" मी विचारते.
"शोधतोय कसलं. मोजूलोय."
"झावळ्या?"
"घरं."

मंगळवारी शाळा दुपारीच सोडली.
नाक्यावर बसच्या पाटीला कुणीतरी काळं फासलं होतं,
संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गावात दुसऱ्या बसलाही.
अक्षरं वेगळी होती,
डांबर एकाच दुकानातलं असावं.
माझ्या चौथीत सात पोरं आहेत.
त्यातल्या दोघांचे बाप दोन्हीकडच्या मोर्च्यांत असतात
आणि पोरं एकाच डब्यातली चटणी खातात.
हे मी कुणाला सांगत नाही.

रात्री इन्त्रुजाचं जेवण उरकून
चिंचेखाली घमेलं मांडलं.
वाळकी झावळी भांडत बसत नाही,
काडी दाखवली की गेली.
छावणीत बिगूल वाजला. मामाचे हात थरथरत होते,
म्हणून यंदा चाळायला मी.
चाळण आईची, नाचणीच्या पिठाची.
राखेला एकदा लावली तर पुन्हा पिठाला नाही, म्हणायची ती,
आणि तरी तिनेच ती मामाला देऊन टाकली होती
मी दहावीत असताना.

चाळणीत मागे राहिलं:
एक टाचणी, थोडे देठ, न जळलेला लाल दोरा.
खाली पडलं ते चहाच्या कपात मावलं.
पोतंभर वर्ष, आणि एवढंच.
मी कपाकडे बघत राहिले. मामा म्हणाला,
"पुरतंय की. दरवर्षी पुरतंय."

बुधवारी सहाला कोकणी, सातला मराठी,
संध्याकाळी कन्नड.
कप तोच, अंगठाही तोच.
आम्हाला म्हणाले, तू माती आहेस.
कोकणीवाल्यांना तो शब्द बदलावा लागला नव्हता.
संध्याकाळी मी फुलं बदलायला गेले
तेव्हा फादरांच्या तोंडी मण्णु होतं,
आणि रांगेत कालचा नाक्यावरचा हवालदार,
टोपी काखेत, डोळे मिटून,
कपाळ पुढे केलेलं.

काळं फासतात ते दुसऱ्याला.
इथे माणसं रांग लावतात
आपल्या पाळीची वाट बघत,
आणि मागचा पुढच्याला ढकलत नाही
(रेमेडिओबाई सोडून. त्या कायम ढकलतात).

बाहेर पडताना हवालदाराने माझं कपाळ पाहिलं,
मी त्याचं.
"काल फार त्रास झाला का?" मी मराठीत विचारलं.
त्याने कन्नडात काहीतरी उत्तर दिलं,
अर्धं कळलं.
अर्ध्यात पाय दुखण्याबद्दल होतं.

सांक्रिस्तीत दिवा मालवायला गेले
तर खिडकीत स्टीलचा तांब्या,
तांब्यात पाणी,
पाण्यात रुझायच्या पोराची ती पात.
"ही जाळली नाहीस?"
"शनवारी येतोय तो शिकायला."
"वर्षाची वाळलेली आहे, मामा. मोडेल."
"मोडंल," मामा म्हणाला,
आणि पात उलटी करून
दुसरं टोक पाण्यात बुडवलं.