बाजू ब, चौथं

टालिन, फेब्रुवारी. काचेला आतून बर्फ.
एरियलची तार पडद्याच्या दांडीवरून फिरवून
मी रेडिएटरला बांधली आहे.
आखातापलीकडून, ऐंशी किलोमीटर गोठलेल्या पाण्यावरून
हेलसिंकी येतं, जातं,
येतं.

तिथल्या निवेदकाला गप्प बसवत नाही.
गाणं विझता विझता तो हमखास तोंड घालतो:
उद्याचं तापमान, वाऱ्याची दिशा.
माझ्या निम्म्या गाण्यांच्या शेपटीला
परक्या देशाचं हवामान लटकलेलं आहे.
माल्ले म्हणते, राहू दे ते,
गाणं कुठल्या दिवसांतलं ते तेवढ्यावरून कळतं.

नव्वद मिनिटं. पंचेचाळीस आणि पंचेचाळीस.
कोरी कॅसेट मिळत नाही,
म्हणून मेव्हण्याच्या लग्नातल्या अकॉर्डियनवर भरतोय.
मेव्हण्याला अजून पत्ता नाही.

पहिलं कुठलं, यात तीन रात्री गेल्या.
दार उघडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यासारखं असावं ते,
फार हसरं नको, कपाळाला आठ्याही नकोत.
शेवटी लीड्सच्या पोरांचं घेतलं,
गिटार सुरात लावता लावताच ज्यांचं गाणं सुरू होऊन जातं.
मग नऊ मिनिटं ऑर्गन घुसळणारे हंगेरियन.
त्यांना खेटून
दीड मिनिटात भांडण उरकणारे पंक.
मग ब्राझीलची एक बाई, तिच्या आवाजाखाली
बासरी आणि करवतीसारखी गिटार
एका ताटात जेवतात.
आवळ्याभोपळ्याची मोट आहे, कबूल.
पण गाठ माझी.
दोन गाण्यांमधली शांतता मी सेकंदकाट्यावर मोजतो.
हंगेरियनांनंतर चार.
पंकनंतर शून्य; उसंत मिळाली की ते शहाणे होतात.

आणि बाजू ब, चौथं.
नाव कळलं नाही, गावही नाही.
नोव्हेंबरात एकदाच लागलं, पुन्हा कधी नाही.
त्यातला ड्रमवाला प्रत्येक ठोक्याला अर्धा श्वास उशिरा येतो,
थांब्यावर सगळ्यांना आधी चढू देणाऱ्या माणसासारखा,
आणि तरी त्याची बस कधीच चुकत नाही.
त्याच्यासाठी मी कॅसेटच्या पाठीवरच्या
दोन्ही खुंट्या मोडून टाकल्या.
आता यावर कुणाला काही भरता यायचं नाही.

गोदीत जहाजांचे नकाशे काढतो मी,
यादीही त्याच सरळ, टोकदार अक्षरांत लिहिली.
कॅसेट निघाली: आधी काउपो, जो ट्रॉलीबसच्या तारा ओढतो,
मग हेल्दुर, मग एहा,
शेवटी माल्ले.

एप्रिलात परत आली.
काउपोनं यादीत स्पेलिंगची चूक काढलेली.
हेल्दुरच्या कॉफीचा गोल डाग.
एहानं हंगेरियनांपुढे फक्त लिहिलं होतं: अरे बापरे.
मी बाजू ब लावली,
तीन गाणी संपली,
आणि चौथं नव्हतं.

माझं डोकं सणकलं.
कॅसेट उपसून पाहिली:
मोडलेल्या खुंटीच्या भोकावर पट्टी,
गुलाबी, जखमेवर लावतात ती.
आमच्यात नर्स एकच आहे.

यादीतही चौथी ओळ खोडलेली. तिरक्या अक्षरांत
त्याखाली: वॉर्ड सात, खाट अकरा.

दोन दिवस मी टेपरेकॉर्डरला हात लावला नाही.
मग लावलं.
आधी दूर कुठेतरी ट्रॉलीची चाकं,
एक खोकला, एक शिव्या देणारा नळ,
मग लोखंडावर चमचा.
म्हातारा असावा. दमत होता, थांबत होता,
पुन्हा घेत होता,
आणि प्रत्येक ठोका
अर्धा श्वास उशिरा.

त्याला तिनं माझं गाणं ऐकवलं होतं,
की त्याला आधीपासूनच येत होतं,
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.
तीन मिनिटं अकरा सेकंद.
शेवटचे ठोके विझता विझता
माल्ले हळूच तोंड घालते,
थेट त्या निवेदकाच्या थाटात:
उद्या उणे चार, वारा वायव्येचा,
रस्ते निसरडे.

म्हणजे मार्चमधली कुठलीतरी रात्र.