कन्नडक

निपाणीत बस स्टँडच्या मागल्या अंगाला
माझं दुकान, आठ फूट बाय दहा.
भिंतीवर तक्ता : वर एकच मोठं अक्षर,
मग उतरत उतरत मुंग्या.
एका बाजूला मराठी, उलटवला की कन्नड,
आणि ज्यांना कुठलंच वाचता येत नाही त्यांच्यासाठी
दुसरा, नुसत्या तीन दातांच्या फण्यांचा.
दात कुठल्या बाजूला, हातानं दाखवा.

एकतीस वर्षं विचारत आलो,
हे बरं, की हे?
आता? आणि आता?

रविवारी मी चर्चचा पंच.
त्या जन्मांधाचा अध्याय दर वर्षी माझ्याकडे,
थुंकी, चिखल, तळं.
पाळकबाई म्हणायच्या, शांतवनअण्णा वाचतात तेव्हा
सगळं डोळ्यांपुढे उभं राहतं.
माझ्या नाही राहिलं कधी.

भांडण कशाचं, तर उपासना कुठल्या भाषेत.
आठची मराठी, दहाची कन्नड असं ठरलं.
पण पेटी आमच्या वर्गणीतली, म्हणून कपाटाला कुलूप,
किल्ली माझ्या पट्ट्याला.
दहाचे लोक नुसत्या टाळ्यांवर गायचे.
मी घरी जेवायला बसायचो, त्यांचं गाणं
खिडकीतून आमटीत पडायचं.
पोरगी म्हणाली, बाबा, पेटी द्या की.
म्हटलं, तुला कळत नाही.
सात वर्षं.

मग मार्तव्वा आली. विड्या वळून
पेरं पिवळी, पदराला तंबाखूचा वास,
डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, पिकलेला.
फण्यांचा तक्ता लावला.
हे कुठल्या बाजूला?
इल्ला, म्हणाली.
हे?
इल्ला.
काच बदलायला मी वाकलो, तिचा हात उठला,
मला वाटलं, दात दाखवतेय.
तो माझ्या कमरेशी येऊन थांबला.
"हे काणतैति," म्हणाली. "किल्ली."

ओरडली नाही, रडली नाही.
पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं
आणि विचारलं, कन्नडकला किती पडतील?

चष्म्याला तिच्या भाषेत कन्नडक म्हणतात.
एकतीस वर्षं मी तेच विकतोय.

रात्री शटर आतून ओढलं,
गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलो, चष्मा काढला.
तक्ता विरघळला.
प्रभू, म्हटलं, प्रार्थना मला पाठ आहे,
म्हणूनच आज नको.
समोर कुणी वाकल्यासारखं झालं.
वेदगंगेच्या काठच्या ओल्या मातीचा वास,
आणि तो प्रश्न, माझाच, माझ्या धंद्यातला :
आता?

लगेच नाही दिसलं. खोटं कशाला बोलू.
बेथसैद्यातल्या त्या माणसाला आधी
माणसं दिसली ती चालती झाडं.
मलाही दहाचे लोक तसेच दिसत आले होते,
एक कुंपण, एक गलका.
त्याच्यावर दुसऱ्यांदा हात ठेवावा लागला.
माझ्यावर कितव्यांदा, मोजलं नाही.

आणि आता?

रविवारी दहाला गेलो. कुलूप गंजलेलं.
बिजागऱ्यांना घालतो ते बारीक तेल ओतलं,
किल्ली अर्धी फिरून अडली.
शेवटी मार्तव्वाच्या नातवानं दगड घातला.
आत भाता उंदरांनी खाल्लेला,
चारच सूर बोलले, तेही दमेकऱ्यासारखे.
कुणी हसलं नाही. क्षमाही कुणी केली नाही,
निदान तोंडानं तरी.
मार्तव्वा बाकावर सरकली, वीतभर.

बसलो. गीत येत नव्हतं.
पुस्तकातली अक्षरं माझ्याच तक्त्याच्या उलट्या बाजूची.
लोकांना दाखवली, त्यांचा क्रम पाठ केला,
वाचलं मात्र एकही नाही.
तिनं पिवळं बोट एका ओळीवर ठेवलं.
तिला कुठं वाचता येतं? ओळ भलतीच असेल.

मी तिथूनच सुरुवात केली.