तळघरातली मोजणी

येरेवानला आमची प्रयोगशाळा तळघरात आहे
आणि तळघराला अजून धुराचा वास येतो.
वार्डगेसकाका सांगतात, विजेविना काढलेल्या त्या हिवाळ्यांत
बाकं जाळली, कपाटं जाळली,
फळा तेवढा ठेवला.
लाकडाचाच होता तोही,
पण त्यावर कुणाचं तरी अर्धं गणित होतं.

मी शुशानिक. एम.एस्सी.चं दुसरं वर्ष.
वर्गात अकरा होतो, उरलो चौघं.
हामो ड्रेस्डेनला गेला,
तिघं बँकांच्या सॉफ्टवेअरला लागले,
तातेविक फोनवर विचारते,
तुझं ते क्वांटम मेकॅनिक्स महिन्याला किती देतं गं?
बाकीच्यांचं विचारू नका. मीही विचारत नाही.

मला दिलंय म्यूऑनचं आयुष्य मोजायला.
पंधरा किलोमीटर वर, हवेच्या पातळ सायीत जन्मतात हे,
आणि गच्ची, पाच मजले,
डीनसाहेबांची खुर्ची, खुर्चीतले डीनसाहेब,
सगळ्यांतून न विचारता खाली उतरतात.
एखादाच माझ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात थांबतो.
थांबला की एक चमक.
विझला की दुसरी.
दोन चमकांच्या मधलं, ते आयुष्य.

पुस्तकात: दोन पॉइंट एक नऊ सात मायक्रोसेकंद.
माझं: दोन पॉइंट एक एक.

काळी चिकटपट्टी नव्यानं गुंडाळली,
कुठून उजेड शिरतोय का पाहिलं,
वार्डगेसकाकांनी माझ्या जन्माआधीची एक केबल
कानातला मळ काढावा तशी साफ करून दिली.
बावीस रात्री मोजलं. अकरा हजार मरणं.
दोन पॉइंट एक एक.

अर्सेन म्हणाला, सुरुवातीचे चार रकाने गाळ ना,
आकडा आपोआप सरकेल.
गाळले.
सरकला.
त्या रात्री घरी जाऊन मी न जेवता झोपले,
सकाळी सगळ्यांआधी येऊन
चारही परत जागेवर ठेवले, उष्टं ताट लपवावं तसे.

आई बेकरीत असते, पहाटे चारपासून.
तिला एकदा सगळं समजावलं, कणीक मळता मळता.
ती म्हणाली, इतकं कमी जगणाऱ्याचं
मोजून तरी काय करायचं?
मला उत्तर आलं नाही.
तिच्या हाताच्या तळव्यातून त्या वेळीही
सेकंदाला एखादा जात होताच.

शेवटी ह्रानुश बाईंना जिन्यात गाठलं.
एका हातात पेपरांचा गठ्ठा, दुसऱ्यात भिजलेली छत्री.
बाई, माझं चुकतंय, आणि कुठे ते सापडत नाही.
त्यांनी आलेख पाहिला, उलटा धरून, मग सुलटा.
"तुझं प्लास्टिक कशाचं आहे?"
कार्बन. हायड्रोजन.
"मग?"
आणि गेल्या, पुढच्या तासाला, छत्री ठिबकवत.

तिसऱ्या पायरीवर बसून राहिले.
निम्मे म्यूऑन ऋण भाराचे.
ते नुसते थांबत नाहीत, कार्बनच्या कुशीत शिरतात,
आणि काहींना आपल्या मरणाची वेळ यायच्या आतच
केंद्रक गिळून टाकतं.
सरासरी तेवढीच खाली येते. बरोबर तेवढीच.
पुस्तकातला म्यूऑन निर्वात पोकळीत मरतो.
माझा इथे, येरेवानमध्ये,
सोव्हिएत काळातल्या प्लास्टिकमध्ये.

हसू आलं. मग रडू. मग भूक लागली.

वहीत शाईनं लिहिलं: दोन पॉइंट एक एक,
अधिक-उणे दोन शतांश.
अर्सेन म्हणतो, परीक्षक बाहेरचा आहे, जपून.
असू दे. दोन शतांशाएवढी जागा
मी त्याच्याही म्हणण्याला ठेवलीय.

दिवा मालवला, यंत्र चालू ठेवलं.
फळ्यावरचं ते अर्धं गणित अंधारातही पाठ आहे मला;
तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय,
गेल्या वर्षीच लक्षात आलं होतं.
खडू हातात घेऊन तसाच खाली ठेवलाय दोनदा.

आता पायऱ्या चढते आहे.
तळमजला, पहिला, डीनसाहेबांचं बंद दार.
मी वर निघाले आहे, ते खाली उतरताहेत,
माझ्यातूनच.
आईची पाळी सुरू व्हायला अजून दीड तास आहे.
शेवटची बस गेली.