साय

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडतो.
तळघरातल्या प्रयोगशाळेला त्याचं काही नाही,
तिथे बारमाही पिवळा उजेड
आणि दारावर लेओच्या किरट्या अक्षरात चिठ्ठी:
‘पोरगं पाण्यात आहे. दार आपटू नका.’

पोरगं म्हणजे नखाएवढा तुकडा,
एका अणूच्या जाडीचा कोळसा.
कालची सबंध रात्र काउपो भट्टीशी बसून होता,
लालबुंद तांब्याच्या पत्र्यावरून
मिथेन सोडत, जपून, फुंकर घातल्यासारखा.

आता तांबं विरघळतंय.
बशीतलं पाणी निळसर होत जातं,
मग पत्रा नाहीसा होतो
आणि त्याच्यावर जे धरलं होतं ते तरंगत राहतं,
असं वहीत लिहिलंय.
डोळ्यांना विचाराल तर
प्लास्टिकच्या पापुद्र्याची एक कड, तीही मान तिरपी केली तर.

तीन वेळा फाटलं.
एकदा माझ्याच श्वासानं, बहुतेक.

शेवटी हिल्येला बोलावलं.
चाळीस वर्षं काचेच्या नळ्या जोडणारी बाई,
वसंतात निवृत्त होणार.
इलेक्ट्रॉन कसे पळतात हे तिनं कधी विचारलं नाही;
पेइप्सीच्या बर्फाला भोक पाडून
बापाशेजारी दिवसदिवस बसलेली.
‘ओढायचं नाही,’ म्हणाली, ‘पाण्यालाच म्हणायचं, ठेव इथं.’
सिलिकॉनची चकती तिनं तिरपी बुडवली
आणि इतकी हळू वर आणली
की लेओनं घड्याळ पाहणं सोडून दिलं.

आलं.

सूक्ष्मदर्शकाखाली फिकट जांभळी छटा,
मधोमध एक सुरकुती.
ऊर्मस सर बराच वेळ वाकून बघत होते.
निधीच्या अर्जात आपण काय काय लिहिलंय!
घडी घालून खिशात ठेवायचा पडदा,
कातडीवर चिकटणारं यंत्र,
न तापणारा संगणक.
‘सुरकुतीच्या डावीकडे मोजा,’ एवढंच म्हणाले.

डावीकडे मोजलं. आकडा बरा आला.
उजवीकडेही मोजलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

या खोलीत शिसपेन्सिलीला बंदी आहे,
तिची धूळ इथे चालत नाही.
हिल्येची पेन्सिल बाहेर, कोटाच्या खिशात.
पांढरा झगा उतरवून
तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर
तीन फुल्यांपुढे एक उभी रेघ ओढली,
बोटाला लागलेलं काळं
कोटालाच पुसलं
आणि बस चुकेल म्हणून निघाली.

दार तिनं आपटलं नाही.