करंगळीच्या शेजारी

चौथ्यांदा.
या खेपेला द्राक्षं खुडायच्या आठवड्यात.
आधी हुडहुडी, दातावर दात,
मग डाव्या नडगीवर तो लाल रंग,
उकडलेल्या खेकड्याच्या पाठीसारखा.
डॉक्टरनं बॉलपेननं त्याची हद्द आखली.
रात्रीतून त्यानं हद्द ओलांडली.

मी दोसिंदा. काम्बादोसची.
बेचाळीस वर्षं ओहोटीबरोबर घराबाहेर पडले,
भरतीनं हाकललं की परत.
मधल्या वेळात गुडघाभर पाण्यात,
दाताळ्यानं वाळू ओढत, तिसऱ्या वेचत.
रबरी बूट.
आत कायम चमचाभर समुद्र.

नवा डॉक्टर पोरगेलासा. म्हणाला,
या आजाराला आत शिरायला दार लागतं, आजी.
तुमचं कुठलं उघडं राहिलं?

रात्रभर दारं आठवत पडले.
शिंपल्याची कड लागली, पण ती उजव्या पायाला.
ओरबाडणारं मांजर तर कधीच मेलं.
डास चावतात. पण ते अख्ख्या गावाला चावतात,
मग माझ्या बहिणीच्या, एर्मितासच्या, पायाला काही का नाही?

कागदावर त्यांनी बरंच लिहिलं.
वजन, ते मला आरसा सांगतो.
शिरा: तीन बाळंतपणं आणि ते सगळं उभं राहणं,
पोटऱ्यांवर चिकटलेल्या निळ्या गोगलगायी.
सूज: संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर खळगा पडतो,
तो भरून येईतो एक अख्खी 'नमो मरिया' म्हणून होते.
आणि सगळ्यात खाली,
याआधी तीन वेळा.

म्हणजे झाला होता म्हणून झाला?
मी हसले. इरिया नर्स हसली नाही.
आत पाण्याच्या बारीक वाटा असतात, म्हणाली,
तो दर वेळी जाताना त्यातल्या काही मोडून जातो.

मग ती फरशीवर बसली, गुडघे टेकून,
आणि माझ्या पायाची बोटं एकेक करून
फाकवली,
जुन्या पोथीची चिकटलेली पानं सोडवावीत तशी.
करंगळीच्या शेजारी थांबली.
मला आरसा दाखवला.
पांढरं, भिजल्या कागदासारखं कातडं,
मधोमध एक चीर. तांदळाच्या दाण्याएवढीही नाही.

चिखल्या!
अगं, चिखल्या तर आम्हा सगळ्याजणींना.
खाज सुटली की म्हणायचो, यंदा माल बरा निघणार.
त्याला कोण आजार म्हणतं?
दहा वर्षांत ती जागा मी पाहिली नव्हती.
पोट मध्ये येतं. गुडघे मध्ये येतात.
तीन वेळा गोळ्या दिल्या,
तीन वेळा लाल रंग उतरला,
बोटं उघडून कुणी पाहिलं नव्हतं.

इरियानं माझ्या नवऱ्याला शिकवलं.
एलादिओला!
होडी विकल्यापासून जो वेगळ्या खोलीत झोपतो
आणि माझ्याशी हवामानापुरतं बोलतो.
आता रात्री नऊला येतो, सुनेचा केस वाळवायचा पंखा घेऊन,
बटण गारवर.
बोटांच्या बेचक्यात आधी टॉवेल, मग वारा, मग मलम.
सकाळी तो घट्ट मोजा चढवताना
मोजा बनवणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धारतो.
इतका वेळ तो माझ्या तोंडाकडे कधी पाहत बसला नव्हता.

मार्च आला. अजून काही नाही.
पुढचं कुणी लिहून देत नाही, इरियाही नाही.
पाय जड आहे तो आहेच,
आणि थंडी वाजली की मी अजून
पांघरूण सारून आधी नडगी पाहते.

काल मान वर न करता त्यानं विचारलं,
ही टाचेवरची खूण कसली?
म्हटलं, तुझ्या बहिणीच्या लग्नातली. नाचताना काच लागली.
पंखा घूं घूं करत राहिला.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
ती बाटली माझ्या हातून फुटली होती.
आणि ते बोट, वाळलेलं असूनही,
पुन्हा वाळवू लागला.