साडेबेचाळीस

केवळाबाईंचा अंगठा उठत नाही.
शाईचं पॅड बदललं, ओला बोळा फिरवला,
तरी कागदावर नुसता निळा गोळा.
चाळीस वर्सं तापल्या वाळूत दाणे भाजले, लेकरा,
रेघा तिथंच कुठंतरी फुटल्या.
आधारवाल्यानंही दोनदा परत धाडलं होतं.

मी संमतीपत्र वाचून दाखवतो. पानं अकरा.
छातीवर पुन्हा उगवलेल्या गाठी,
त्यांच्यावर किरणं, सगळ्यांनाच.
निम्म्या बायांना किरणांनंतर एक तास शेक,
निम्म्यांना नाही.
कुणाला काय, ते संगणक ठरवणार,
डॉक्टर नाही, मी नाही, तुम्ही नाही.
‘फायदा होईलच असं सांगता येत नाही’
हे वाक्य पान चारवर आहे, पान नऊवरही.
दोन्हीकडे मी थोडा हळू वाचतो.

साक्षीदार म्हणून सही केली निगार बाजींनी,
खुलताबादच्या उर्दू शाळेतून निवृत्त,
उजवीकडून डावीकडे, एका दमात.
त्यांचं स्वतःचं संमतीपत्र आदल्याच दिवशी झालेलं.

सोमवारी गट आले.
केवळाबाई : शेक.
निगार बाजी : नुसती किरणं.

बाहेर संभाजीनगरचा मे, त्रेचाळीस पूर्णांक सहा,
सिग्नलवर हिरवी जाळी ताणलेली.
आत एसी, आणि जिथं स्तन होता तिथं
पाण्याची पिशवी, पिशवीवर अँटेना,
कातडीला चिकटवलेल्या सात बारीक तारा.
पडद्यावर आकडा चढतो : एकोणचाळीस, चाळीस,
साडेबेचाळीस. इथं धरून ठेवायचं.
वर गेलं तर फोड,
खाली राहिलं तर नुसती ऊब.

कुठं पोळतंय का?
दर पाच मिनिटांनी विचारायचं, लिहायचं.
तिसऱ्या तारेजवळ बोट नेऊन त्या म्हणाल्या,
हितं तुझी वाळू एकसारखी नाही झाली. हलव की.
तीन नंबर खरंच अर्ध्या अंशानं वर होता.
मी अँटेना सरकवला.
फॉर्ममध्ये या गोष्टीला रकाना नाही.

तुम्हाला कसं कळायचं, मावशी, तापमापक नसताना?
चार दाणे टाकायचे.
लगेच तडतडले तर करपणार,
गप बसले तर इस्तो वाढवायचा.
मधलं जे हाये ते मनगटावरच्या लवंला कळतं.
आणि गणंग?
मूठभर राहतातच घाण्याला.
आगीची चूक नसती. दाण्याचीबी नसती.
हे मला नंतर बऱ्याचदा आठवलं,
त्या वेळी माझं लक्ष दोन नंबरच्या तारेवर होतं.

चौथ्या खेपेला वीज गेली, छत्तिसाव्या मिनिटाला.
जनरेटरनं नऊ मिनिटं घेतली.
नोंद : नियमभंग. कारण : वीज.
केवळाबाई पाण्याच्या पिशवीखाली
तशाच पडून, डोळे मिटून,
भट्टी इझल्यावर वाळू लई येळ गरम राहती, म्हणत होत्या.
माझी धीर द्यायची पाळी त्यांनी घेतली.

निगार बाजी किरणं घेऊन झाली तरी
शेकाच्या खोलीबाहेर बाकावर बसत.
एकदा विचारलं, ज्याला शेक नाही
त्याचा आकडा तुम्हाला कशाला लागतो?
तुमच्याशिवाय त्यांचा आकडा वाचताच येत नाही, मी म्हणालो.
त्यांनी चष्मा पुसला.
हजेरीत गैरहजर मुलाचंही नाव पुकारावं लागतं, म्हणाल्या.
पण मी तर हजर आहे.

शेवटच्या दिवशी दोघींच्या कार्डावर
ऑगस्टची एकच तारीख लिहिली.
केवळाबाईंनी पिशवीतून फुटाण्यांचे दोन पुडे काढले.
एक बाजींना दिला.
रुग्णाकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे,
म्हणून दुसरा त्या टेबलावर विसरून गेल्या.

पुडा कोमट लागला.
जालन्याहून इथवर, पदराखाली.
आसपास कुणी नव्हतं.
मी एक मोकळी तार आत खुपसली :
अडतीस पूर्णांक दोन.
भट्टीचे, की एसटीच्या पत्र्याचे,
सांगता येत नाही.